कार्ब्युरेटरची पूजा

चारकोप, कांदिवली (प.)
१८ ऑगस्ट १९८६

चि. जयवंतास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

मावशी मेली की जिवंत आहे हे विचारायला तुला सवड नाही, तेव्हा मीच कळवते की जिवंत आहे. ह्यांच्या तेराव्याला आलास, "मावशी, काही लागलं तर हक्काने सांग" म्हणालास आणि कुडाळला गेलास तो गेलासच. तर बाबा, आता लागलंय. हक्काने सांगते.

ह्यांची जावा सुरू करायची आहे.

तुला त्या गाडीची ओळख करून द्यायला नको. आय.टी.आय.ला होतास तेव्हा वाकोल्याच्या चाळीत तिच्याच खाली आडवा पडून तू पाना धरायला शिकलास. माझी किती फडकी तुम्ही दोघांनी ग्रीसात घातली ती मी अजून विसरलेले नाही. हे गेल्यापासून ती दारात प्लास्टिक पांघरून उभी आहे. अख्खा पावसाळा मी तिच्याकडे बघायचं टाळलं. पण आता टाळून चालणार नाही.

गिरणी सुटल्यावर आम्ही डब्यांवरच उभे राहिलो हे तुला माहीत आहे. मी करायचे, हे गाडीवरून इंडस्ट्रियल इस्टेटीत पोचवायचे. आता सायकलवाला लावलाय. तो रोज उशीर करतो. माणसांना जेवायची सुट्टी मोजकी, भोंगा झाला की पुन्हा मशीनवर. डबा मागाहून पोचला तर त्याचा उपयोग काय? एकेक गिऱ्हाईक सुटत चाललंय. कुणी वाईट बोलत नाही, "मावशी, पुढच्या महिन्यापासून नको" एवढंच सांगतात. दिवाळीपर्यंत गाडी सुरू झाली नाही तर डबे बंद करून भावाच्या दारात जाऊन बसायचं, हे माझं मरण. तसं मला जायचं नाही.

चालवणार कोण विचारशील, तर आपली सुलक्षणा. ह्यांनी तिला सेक्टरच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवून ठेवलीय. शेजारच्या चंपाने नाक मुरडलं. मुरडू दे.

नाक्यावरचा मेकॅनिक बघून गेला. म्हणाला, "मावशी, भंगारात घाला." त्याला मी चहासुद्धा दिला नाही.

तू आलास तर सोन्याहून पिवळं. नाहीतर काय उघडायचं, काय पुसायचं ते लिहून कळव. मी चौथी पास बाई, पण वाचता येतं आणि देवाने दोन हात धड दिलेत.

कुंदाला आशीर्वाद सांग.

तुझी
रत्नप्रभा मावशी


कुडाळ
२७ ऑगस्ट १९८६

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावलीस ते बरोबरच आहे. गणपतीच्या तोंडावर गॅरेजात गाड्यांची रांग लागली आहे, त्यामुळे मला हलता येत नाही. पण जावा भंगारात जाणार नाही. नाक्यावरच्याला म्हणावं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून ही धावते आहे.

आता नीट वाच आणि सुलक्षणाला शेजारी बसव.

पहिलं म्हणजे टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. महिनोन्‌महिने पडून ते आंबलंय, त्याला वाससुद्धा राहिला नसेल. टाकी थोड्या ताज्या पेट्रोलने खळबळून घ्या. ही टू-स्ट्रोक गाडी आहे, नव्या पेट्रोलात ऑइल मिसळल्याशिवाय एक थेंब घालायचा नाही. काकांचं ऑइलचं माप शिवणाच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये असायचं, बघ.

मग प्लग काढा. काळा आणि ओला असणार. तारेच्या ब्रशने घासा, केबलला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि किक मारा. निळी ठिणगी दिसली तर नारळ फोडा. पिवळी, मरतुकडी दिसली तर इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण काढा. आत दोन छोटे पॉइंट एकमेकांना टेकताना दिसतील. त्यांच्यावर बुरा चढलाय, तो बारीक पॉलिश पेपरने अलगद काढा. ते पूर्ण उघडतात तेव्हा त्यांच्यात किती फट हवी ते सांगत बसत नाही. सोबत कार्डाचा तुकडा घातलाय. तो त्या फटीत जेमतेम सरकला पाहिजे. अडकता नये आणि पडताही नये.

तुकडा आमच्या लग्नाच्या पत्रिकेचा आहे. घरात त्याच जाडीचं दुसरं काही मिळालं नाही.

किक कशी मारायची ते लक्षात आहे ना? गियरचाच दांडा आत दाबून वर फिरवायचा, तोच किक होतो. काकांनी मला पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं आणि मी दांडा न दाबता जोर लावून नडगी फोडून घेतली होती. तू हळद लावली होतीस.

काय होतं ते कळव. सगळं कळव, बारीकसारीक पण कळव.

तुझा
जयवंत


चारकोप
१२ सप्टेंबर १९८६

चि. जयवंतास,
आशीर्वाद.

तुझं पत्र भिंतीला खिळ्यावर टांगलं आणि आम्ही मायलेकी कामाला लागलो. गौरी-गणपतीचे दिवस, एका हाताला उकडीचं पीठ आणि दुसऱ्या हाताला रॉकेल. मोदक कुणी खाल्ले आणि वास कुणाला आला ते विचारू नकोस.

आंबलेलं पेट्रोल काढलं. तू म्हणालास तसंच, पाण्यासारखं झालं होतं. माप ड्रॉवरमध्ये सापडलं. त्याच्यावर ह्यांच्या बोटाचा तेलकट ठसा तसाच होता. मी जरा वेळ खाली बसले. मग सुलक्षणा म्हणाली, "आई, नंतर रड, आधी प्लग काढू." बापाची मुलगी आहे.

पहिल्यांदा ठिणगी पिवळी. झाकण उघडलं, पॉइंट घासले, तुझा तुकडा सरकवला. त्या तुकड्यावर "चि. सौ. कां. कुं" एवढंच आलंय. बिचारीचं अर्धं नाव माझ्या इंजिनात! मग ठिणगी अशी निळी पडली की पोरगी ओरडलीच, "झकास!"

पण गाडी सुरू होऊन राहत नाही. भडभड करते, ढीगभर काळपट धूर सोडते आणि गुदमरून बंद पडते. चंपाची वाळत घातलेली चादर काळी झाली. तिने काय काय म्हटलं ते लिहायला हे अंतर्देशीय पुरणार नाही. आता काय करू?

आणखी एक विचारते. तुझं अक्षर एवढं सुबक कधीपासून झालं रे? तू लिहायचास तेव्हा कोंबडी कागदावरून चालून गेल्यासारखं दिसायचं, ह्यांना चष्मा लावूनही वाचता येत नसे. आता एकेक अक्षर रांगोळीसारखं. आणि गणपतीला मुंबईचे अर्धे लोक तुमच्याकडे उतरले, त्यांतला एकही तुझी भेट झाली म्हणत नाही. मेल्या, काय भानगड आहे?

तुझी
मावशी


कुडाळ
२१ सप्टेंबर १९८६

ती. रत्नप्रभा मावशींस,
कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. तुमच्या गाडीचं उत्तर यांनी काल सांगितलंच आहे, ते वेगळ्या पाकिटातून येईल. तुम्ही अक्षराबद्दल लिहिलंत ते वाचून यांनी पत्र खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "काहीतरी लिही, की शाई बदलली." मावशी, मला खोटं लिहिता येईना.

अक्षर माझं आहे. मे महिन्यात गॅरेजात टेम्पोखालचा जॅक घसरला आणि यांचा उजवा हात सापडला. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तिन्ही बोटं गेली. तुम्ही दुःखात होता म्हणून तुम्हाला कळवायचं नाही अशी यांनी मला शपथ घातली होती. ती आज मी मोडते आहे.

हात भरला. माणूस काही उठेना. गॅरेजचे मालक चांगले आहेत, दोनदा घरी येऊन म्हणाले, "जयवंत, पाना नको धरूस, नुसतं बसून पोरांना सांग." हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पावसात छप्पर गळत होतं तरी बाज सरकवली नाही. मी बालवाडीत शिकवायला जाते, परत येते, तर सकाळचा चहा तसाच. मला भीती वाटायला लागली होती, मावशी. कसली ते लिहीत नाही.

तुमचं पत्र आलं. "देवाने दोन हात धड दिलेत" हे वाक्य मी वाचताना गाळणार होते, पण यांनी स्वतःच पत्र हातात घेतलं होतं. मला वाटलं, आता संपलं. तर हे उठून बसले. म्हणाले, "कागद घे, लिही." आणि त्या दिवशी जेवढं बोलले तेवढं मेपासून बोलले नव्हते. लग्नाची पत्रिका यांनीच शोधून काढली. एकेक कागद डाव्या हाताच्या बोटांत धरून जाडी बघत होते.

दुसरं पत्र येईपर्यंत रोज पोस्टमनची वाट बघायचे. ओट्यावर बसून. घराबाहेर, ओट्यावर!

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. तुम्हाला कळलंय असं दाखवू नका, कीव तर अजिबात करू नका. विचारत राहा. गाडी सुरू झाली तरी काही ना काही विचारा. मला लिहायचं झालं तर बालवाडीच्या पत्त्यावर लिहा, खाली दिला आहे.

तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

तुमची
कुंदा


चारकोप
३० सप्टेंबर १९८६

चि. सौ. कुंदास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि डाळ करपली. आजच्या डब्यांत करपलेली डाळ गेली, लोकांनी मुकाट खाल्ली.

"दोन हात धड." माझी जीभ झडो. बोलून गेले ते बोलून गेले. पण तू म्हणतेस त्यानेच तो उठला, तर देवाने माझ्याकडून ते लिहून घेतलं असं समजते.

तू रडू नकोस. लग्नात तुला बघून ह्यांना मी म्हटलं होतं, "पोर नाजूक आहे, ह्या दांडगटाबरोबर कशी निभावणार?" चुकलं माझं. तू आमच्या सगळ्यांपेक्षा खमकी निघालीस. उपकाराचं काढलंस म्हणून सांगते, गाडी माझी सुरू होतेय आणि वर उपकार मी केले, हा कुठला हिशेब? त्याचं माझ्यावर आहे ते आहेच.

आता मी विचारते बघ त्याला. असं विचारते की तुझा हात लिहून लिहून दुखेल.

तुझी
मावशी


चारकोप
१४ ऑक्टोबर १९८६

चि. जयवंतास,
आशीर्वाद.

आधी चांगलं सांगते. सायलेन्सरमध्ये काजळी जमलीय, आतल्या नळ्या काढून जाळून घ्या असं तू लिहिलंस, ते केलं. विटांची चूल मांडली, दोन्ही नळ्या लालबुंद होईपर्यंत तापवल्या, मग सळीने ठोकल्या. काय राख निघाली रे! ह्यांना जिवंतपणी हे काम नको असायचं, "पुढच्या रविवारी" म्हणत दोन वर्षं काढली होती. त्यांचे सगळे पुढचे रविवार मी एका दुपारी उरकले.

दुसऱ्या किकला गाडी सुरू. आणि सुरूच! तो आवाज आला आणि खरं सांगते, मी दारातल्या चपलांकडे बघितलं, हे आले की काय म्हणून.

मग आठवडाभर नुसती मजा. सुलक्षणा ओढणी कमरेला घट्ट बांधून, दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या लटकवून निघायची, आणि भोंग्याच्या आधी डबे पोचते करायची. सोडून गेलेली चार गिऱ्हाइकं परत आली. एका कारखान्यातली माणसं तिला बघायला दारात उभी राहिली, तर हिने सगळ्यांना दम दिला, "आधी जेवा, मग बघा."

आणि आता वाईट. वाट लागली. दसऱ्यापासून गाडी बंद आहे.

मी काही म्हणजे काही केलेलं नाही. नुसती पूजा केली. खंडेनवमीला हे पाने, पक्कड, हातोडा ताटात मांडायचे, आणि गाडी काही देवापुढे आणता येत नाही म्हणून तिचा कार्ब्युरेटर काढून ठेवायचे. गिरणीत साच्याची, कापडाच्या मागाची, पूजा व्हायची तशी. म्हणायचे, "हे तिचं काळीज." ह्या वर्षी ते नाहीत म्हणून मी मोडणार नव्हते. तू मागच्या पत्रात शिकवल्याप्रमाणे कार्ब्युरेटर काढला, सगळे भाग सुटे करून पेट्रोलने धुतले, ताटात ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी जोडला, हँडलला झेंडूची माळ घातली, किक मारली, तर ढिम्म. ठिणगी निळी आहे. पॉइंटमध्ये तुझी कुंदा बरोबर सरकते. पेट्रोल ताजं आहे. मग झालं काय?

सायकलवाला पुन्हा लावलाय. तो हसतो आमच्याकडे बघून. मला आतून वाटायला लागलंय की ह्यांनाच हे पसंत नाही.

लवकर लिही रे.

तुझी
मावशी


कुडाळ
२१ ऑक्टोबर १९८६

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

काकांना सगळं पसंत आहे. मला एकच सांग. कार्ब्युरेटर तू सुटा केलेलाच ताटात मांडलास ना? त्याची पेट्रोलची वाटी उघडी? आणि वरून अक्षता?

अगं मावशी! काका आधी धुऊन, पुसून, पुरता बांधून घ्यायचे. मग दोन्ही तोंडांत फडक्याचे बोळे घट्ट कोंबायचे. मग ताटात. आणि कुंकू बोटाने, बाहेरच्या अंगाला, एक ठिपका. अक्षता पान्यांवर टाकायचे, त्याच्यावर नाही. तू स्वयंपाकघरात नैवेद्य करत असायचीस, तुला हे दिसलंच नसणार. बोळे कोंबायचं काम माझं होतं. एका वर्षी मी एक बोळा काढायला विसरलो तर काकांनी माझं अर्धं शेव-चिवड्याचं ताट काढून घेतलं होतं.

त्याच्या आत एक पितळेचा बारीक स्क्रू आहे, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. तोच जेट. सगळं पेट्रोल त्या भोकातून जातं. तू त्या भोकाची हळदकुंकू वाहून पूजा केलीस. देव प्रसन्न झाला असेल, जेट बंद झाला.

काढून बघ. तार किंवा सुई घालू नकोस, भोक मोठं होईल. पेट्रोलात भिजव आणि सायकलच्या पंपाने हवा मार. वाटीही बघ, मला वाटतं तिच्यात अक्षता सापडेल.

तुझा
जयवंत

(मावशी, हे मी माझ्याकडून लिहिते. पत्र वाचून हे मोठ्याने हसले. शेजारच्या काकू बघायला आल्या. — कुं.)


चारकोप
२९ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. कुंदास,
आशीर्वाद.

हे पत्र बालवाडीतच वाच आणि बालवाडीतच फाडून टाक.

जेट काढला, कुंकवाने लालभडक. पंपाने हवा मारली. वाटीत तांदळाचा एक दाणा, पेट्रोलात राहून पांढराफटक झालेला. जोडलं, पहिल्या किकला सुरू. आज डबे वेळेवर गेले. मी देवापुढे साखर ठेवली आणि एक चिमूट कुडाळच्या दिशेने उडवली, ती तुझ्या नवऱ्याची.

आता ऐक. त्याला मी लिहिणार आहे की गाडी सुरू होत नाही.

गं, खोटं बोलायला मला आवडत नाही. पण मी विचार केला. पत्रातून सांगणं हे त्याला जमायला लागलंय, आणि जमतंय म्हणून तो त्यातच बसून राहील. ओट्यापर्यंत आला, आता ओट्यावरच मुक्काम व्हायचा. त्याला हात घालायला लागला पाहिजे. स्वतःचा हात, आहे तसा. तुमच्या गावात तो घालणार नाही, कारण तिथे सगळ्यांनी त्याचा पहिला हात बघितलाय. इथे माझ्या दारात तो पहिल्यांदा पाना धरायला शिकला, दुसऱ्यांदा शिकायलाही तीच जागा बरी.

मोडलेली गाडी बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही, हे मला ह्यांच्यावरून ठाऊक आहे. दिवाळी झाली की त्याला एस.टी.त बसव. बरोबर येऊ नकोस. तू असलीस की तो बटणसुद्धा तुझ्याकडून लावून घेईल.

आणि चुकलं तर सगळा दोष माझा.

तुझी
मावशी


चारकोप
२९ ऑक्टोबर १९८६

चि. जयवंतास,
आशीर्वाद.

जेट साफ केला. अक्षता निघाली. पण गाडी काही सुरू होत नाही. माझी अक्कल संपली. सुलक्षणा रडकुंडीला आलीय. दिवाळी झाल्यावर दोन दिवसांसाठी येऊन जा. नाही आलास तर डबे बंद, आणि मी भावाकडे.

तुझी
मावशी


चारकोप
६ नोव्हेंबर १९८६

चि. जयवंतास,
आशीर्वाद.

उत्तर नाही. रागावलास का? की तब्येत बरी नाही? हे बघ, काही असो. तू जसा असशील तसा ये. मला तुझ्याकडून दुसरं काही नको.

तुझी
मावशी


कुडाळ
२३ नोव्हेंबर १९८६

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. हे पत्र मी स्वतः लिहितोय, डाव्या हाताने. एका बैठकीत होत नाही, आज तिसरा दिवस आहे. कुंदा दोनदा म्हणाली, "द्या मी लिहिते." तिला सांगितलं, ह्यातलं काही तुझ्यासाठी नाही. रुसून बालवाडीत गेली.

मावशी, इंजिन गरम होतं.

त्या दिवशी दुपारी मी तुझ्या दारात आलो, तू आतून "आलास रे बाबा" म्हणत धावलीस आणि माझ्या हाताकडे न बघता पिशवी काढून घेतलीस. तेव्हाच मला कळलं की तुला माहीत आहे. न बघण्यासाठी माहीत असावं लागतं. मग तू चहा ठेवायला गेलीस. मी गाडीजवळ थांबलो आणि सवयीने सिलिंडरवर हात ठेवला. उजवाच. जी दोन राहिलीत ती. चटका बसला.

म्हणजे गाडी नुकतीच इस्टेटीतून डबे पोचवून आली होती.

मला राग आला. फार राग आला. वाटलं, पिशवी उचलावी आणि तसंच स्टँडवर जावं. ह्या बायकांनी मिळून माझा खेळ मांडलाय. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस आणि तुझ्या उजव्या हाताच्या बोटांवर फोड होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, "तव्याचा चटका." मावशी, तवा असं भाजत नाही. तापलेल्या इंजिनावरचा कार्ब्युरेटर घाईने काढला की असं भाजतं. मला आयुष्यात दहा वेळा भाजलंय.

मग खाली बसलो आणि पाना मागितला.

तू तिथून उठून गेलीस, सुलक्षणालाही बोलावून घेतलंस. आतून भांड्यांचा आवाज मुद्दाम मोठा करत होतीस. माझ्या हातून पाना किती वेळा पडला ते तू ऐकलं असशील. एकदा तर मी फेकला. तू आली नाहीस. आली असतीस तर मी पुन्हा हात लावला नसता.

मग मला एक सुचलं. कार्ब्युरेटर दोन गुडघ्यांत धरायचा, उजव्या अंगठ्याने दाबायचा आणि डाव्याने पाना फिरवायचा. वेळ लागतो, पण होतं. उघडला. वाटीत पेट्रोल, आणि तळाशी एक अक्षता. लाल. दसऱ्याची असती तर पेट्रोलाने कधीच धुतली गेली असती. तिचं कुंकू नुकतंच सुटत होतं, पेट्रोलात लाल रेघ तरंगत होती. बोटं भाजून घेऊन तू ती माझ्यासाठी टाकली होतीस, मला काहीतरी सापडावं म्हणून.

मी तिथेच रडलो. तुझी भांडी वाजत होती म्हणून बरं झालं.

जोडायला संध्याकाळ झाली. पहिल्या किकला सुरू झाली तेव्हा तू बाहेर येऊन कपाळाला हात लावून म्हणालीस, "बाई गं, इतके दिवस आम्हाला जमलं नाही, तुझा हात लागला आणि झालं!" फार वाईट नाटक करतेस. सुलक्षणाचं तुझ्याहून बरं आहे.

हे सगळं तोंडावर बोलायचं होतं, पण निघताना तू खोबऱ्याच्या वड्यांचा डबा हातात कोंबत होतीस आणि मला बोलवेना. म्हणून लिहितो. आभार म्हटलं की तू चिडतेस. चीड. काकांनी मला एकदा हात दिले, तू दुसऱ्यांदा दिलेस. मला आई आठवत नाही, पण ती असती तर तिनेही वाटीत अक्षताच टाकली असती असं मला वाटतं.

सोमवारपासून गॅरेजात जातो आहे. पहिल्या दिवशी सगळे गप्प होते. मी मोडकी बुलेट पुढे ओढली आणि कार्ब्युरेटर गुडघ्यांत धरला. अर्ध्या तासाने कुणीतरी शिवी हासडली, मग सगळे नेहमीसारखे बोलायला लागले. मालकांनी माझ्यासाठी ठेंगणं स्टूल करून घेतलंय.

ती अक्षता मी आणली आहे. कुंदाने देवाऱ्यात ठेवली. ती पुन्हा टाकू नकोस. आणि पुढच्या खंडेनवमीला बोळे कोंबायला मी येणार आहे, कुंदाला घेऊन.

सायलेन्सरच्या नळ्या दर दोन महिन्यांनी जाळत जा, पुढचा रविवार करू नकोस.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. उजव्याचंही कधी सरळ नव्हतं.

तुझा
जयवंत